कटल्याच्या आतड्यात दिवसाढवळ्या मेलाटोनिन? पीनियलमधून नाही, तर मग येतं कुठून?

श्रावणी_झूलॉजी

नमस्कार. मी सोलापुरात एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या पुस्तकात मेलाटोनिन या संप्रेरकावर जेमतेम दीड पान आहे आणि ते सगळं मेंदूतल्या पीनियल ग्रंथीभोवती फिरतं. अंधार पडला की पीनियल मेलाटोनिन बनवते, उजाडलं की थांबवते, संपलं. पण मागच्या आठवड्यात विभागातल्या सेमिनारमध्ये एका पीएच.डी.च्या दादांनी सांगितलं की कटला माशाच्या आतड्यातही मेलाटोनिन असतं आणि दिवसा, उजेडातसुद्धा भरपूर सापडतं. प्रश्नोत्तरांना वेळच उरला नाही, म्हणून इथे विचारते.

माझी शंका अशी. आतड्यात मेलाटोनिन सापडलं म्हणजे आतड्याने ते बनवलं असं कसं म्हणायचं? आतड्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, तेव्हा पीनियलमध्ये बनलेलं रक्तातून तिथे पोचत असेल. किंवा मासा जे खातो त्यातूनच येत असेल. हे दोन रस्ते बंद केल्याशिवाय तिसरा कसा मानायचा? आणि समजा आतडं खरंच बनवत असेल, तर त्याचा माशाला उपयोग काय?

हे विचारायला दुसरंही कारण आहे. माझ्या मामांचं मोहोळजवळ शेततळं आहे, त्यात कटला, रोहू, मृगळ सोडलेत. मामा मासे द्यायला तयार आहेत. दुपारी बारा आणि रात्री बारा अशा दोन वेळी मासे घेऊन रक्त आणि आतडं तपासावं, असा प्रकल्प माझ्या डोक्यात आहे. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "आधी वाच, मग बोल." वाचायला कुठून सुरुवात करू आणि आराखड्यात काय चुकतंय, दोन्ही सांगा.

वैनगंगाकाठ

श्रावणी, तुझ्या दोन्ही शंका योग्य आहेत. या विषयात काम करणाऱ्यांनी नेमके तेच दोन रस्ते एकेक करून बंद केले. मी भंडाऱ्याला कॉलेजात शिकवते. माझी पीएच.डी. मेजर कार्पच्या, म्हणजे कटला-रोहू-मृगळ यांच्या पचनसंस्थेवर झाली, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात मेंदूपासून करू. १९५८ साली येल विद्यापीठात एरन लर्नर यांनी गायीबैलांच्या पीनियल ग्रंथींतून मेलाटोनिन वेगळं काढलं. ते पहिल्यांदा पीनियलमध्ये सापडलं म्हणून ते पीनियलचंच, हा समज तेव्हापासून पुस्तकांत घट्ट बसला. माशांत तर पीनियल फारच देखणं काम करतं. सस्तन प्राण्यांत डोळ्यांनी पाहिलेला उजेड लांबच्या वळणाने पीनियलपर्यंत पोचतो, माशाच्या पीनियलमधल्या पेशींना उजेड थेट कळतो. ट्राउटच्या डोक्यावर, दोन डोळ्यांच्या मधोमध पण किंचित मागे, कवटी पातळ असते आणि कातडीचा रंगही फिका असतो. उजेड तिथूनच आत जातो. ट्राउटच्या पीनियलमध्ये स्वतःचं घड्याळ नाही, दिवा लावला की मेलाटोनिन पडतं, विझवला की चढतं. पाइक आणि झेब्राफिश यांच्या पीनियलमध्ये मात्र घड्याळ आहे.

आता रसायन. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन बनतं. सेरोटोनिनवर एक एन्झाइम ॲसिटिल गट चढवतं, त्याला थोडक्यात ए-ए-नॅट म्हणतात. त्यानंतर दुसरं एन्झाइम मिथिल गट चढवतं आणि मेलाटोनिन तयार होतं. या साखळीत ए-ए-नॅटवर लक्ष ठेव, कारण सगळा लगाम त्याच्या हातात आहे. माणसात याचं एकच जनुक आहे. हाडांच्या माशांत ए-ए-नॅट १ आणि ए-ए-नॅट २ अशी दोन घराणी आहेत. फ्रान्समध्ये जाक फाल्कॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाइक माशावर हे काम केलं. दोन नंबरचं मुख्यतः पीनियलमध्ये असतं, एक नंबरचं मुख्यतः डोळ्याच्या पडद्यात. याचा अर्थ कारखाना पीनियलबाहेरही आहे, हे माशाच्या जनुकांतच लिहिलेलं आहे. डोळ्यातलं मेलाटोनिन रक्तात फारसं उतरत नाही, जागच्या जागी वापरलं जातं. युरोपियन सी बास माशाच्या डोळ्यात तर ते दिवसा जास्त आणि रात्री कमी असतं, रक्ताच्या अगदी उलट. एकाच माशात, एकाच वेळी, एकच रेणू दोन ठिकाणी दोन दिशांना चालतो, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

आता आतडं. १९७५ मध्ये रशियन संशोधक राइखलिन आणि क्वेटनॉय यांनी आतड्याच्या अस्तरातल्या एंटेरोक्रोमॅफिन पेशींत मेलाटोनिन असल्याचं दाखवलं. या पेशी सेरोटोनिनने गच्च भरलेल्या असतात, म्हणजे कच्चा माल तिथेच पडून असतो. पुढे कॅनडात जॉर्ज बुबेनिक यांनी हा धागा वर्षानुवर्षं लावून धरला. सस्तन प्राण्यांपासून सुरुवात करून १९९७ पर्यंत ते मासे, उभयचर आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पचनमार्गापर्यंत पोचले होते. आतड्यात पीनियलच्या ४०० पट मेलाटोनिन असतं हा आकडा तुला जागोजागी दिसेल. तो सस्तन प्राण्यांवरून आलाय, कटल्याच्या प्रबंधात तो तसाच उतरवू नकोस.

आता तुझा पहिला रस्ता: रक्तातून आलं असेल का? उंदरांची पीनियल काढून टाकली की रक्तातली रात्रीची पातळी कोसळते, पण आतड्यातली कोसळत नाही. १९९२ मध्ये ह्यूथर यांच्या गटाने उंदरांना आणि कोंबडीच्या पिलांना ट्रिप्टोफॅन दिलं, तेव्हा रक्तातलं मेलाटोनिन वाढलं आणि या वाढीचा उगम त्यांनी पचनमार्गात शोधला. माशांत याहून थेट पुरावा आहे. २०१० मध्ये माद्रिदच्या गटाने गोल्डफिशच्या यकृतात आणि आतड्यात मेलाटोनिन बनवणाऱ्या एन्झाइमांचे जनुक-संदेश दाखवले. नुसतं रक्तातून येऊन पडणाऱ्या मालासाठी कुणी तिथे यंत्रं बसवत नाही. स्पेनमधल्या विगो विद्यापीठाच्या लोकांनी इंद्रधनुषी ट्राउटच्या पचनमार्गाचे वेगवेगळे भाग घेऊन मेलाटोनिन कुठे किती आहे आणि त्याचं सेरोटोनिनशी नातं काय, हे तपासलं. तो लेख २०१६ चा आहे, तो वाच.

दुसरा रस्ता, खाल्लेल्या अन्नातून. इथे तुझ्या कटल्यावरचंच काम आहे आणि ते आपल्या देशात झालंय, याचा मला फार अभिमान वाटतो. शांतिनिकेतनच्या विश्वभारती विद्यापीठात सौमेन कुमार मैत्र आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कित्येक वर्षं कार्प माशांच्या मेलाटोनिनवर काम केलंय. २०१५ मध्ये सौरव मुखर्जी आणि मैत्र यांनी लहान कटला माशांचे गट पाडले. एका गटाला रोज ठरलेल्या वेळी खाणं दिलं, एकाला ८ दिवसांपर्यंत उपाशी ठेवलं, एकाला उपासानंतर पुन्हा खाऊ घातलं. दर ४ तासांनी मासे घेऊन आतड्यातलं मेलाटोनिन आणि ए-ए-नॅट प्रथिन, दोन्ही मोजलं. आता तूच सांग, मेलाटोनिन अन्नातून येत असतं तर उपासात काय व्हायला हवं होतं? कमी व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात उपासात ते वाढत गेलं, सोबत ए-ए-नॅटही वाढलं, आणि खाणं पुन्हा सुरू केल्यावर दोन्ही खाली आलं. रिकाम्या आतड्यात मेलाटोनिन चढतं आणि ते बनवणारं एन्झाइमही चढतं, यापेक्षा स्वच्छ पुरावा कुठला हवा? त्याच कामात त्यांनी काही माशांना सकाळी, काहींना दुपारी, काहींना संध्याकाळी, काहींना मध्यरात्री खाणं दिलं आणि खाण्याची वेळ बदलल्यावर आतड्यातल्या मेलाटोनिनची दैनिक लय कशी बदलते ते पाहिलं.

मला जे सांगायचंय ते इथे येतं. पीनियलचं मेलाटोनिन माशाला सांगतं की रात्र झाली. आतड्याचं मेलाटोनिन घास कधी आला आणि किती वेळ आला नाही याला उत्तर देतं. तू दुपारी बारा आणि रात्री बारा घेतेस, म्हणजे पीनियलचा प्रश्न आतड्याला विचारतेस. मामा खाद्य किती वाजता टाकतात हे तुझ्या आराखड्यात कुठेच नाही. पहिली नोंद तिची हवी. त्यातून शेततळ्यात मासा दिवसभर प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) टिपत असतो, कटला तर वरच्या थराला तोंड वर करून चरणारा. त्यामुळे तळ्यातून थेट उचललेल्या माशाने शेवटचा घास कधी घेतला हे कुणीच सांगू शकणार नाही. मासे टाकीत आण, ठरलेल्या वेळी ठरलेलं खाद्य दे, त्यांना सवय होऊ दे, मग नमुने घे.

शिवाय प्लवंगात स्वतःचं मेलाटोनिन असू शकतं. लिंग्युलोडिनियम नावाच्या समुद्री एकपेशी जीवात ते आहे हे १९९१ पासून माहीत आहे. म्हणून आतडं उघडून, आतला ऐवज पूर्ण काढून, थंड सलाइनने धुऊन मगच घ्यायचं.

उपयोग काय, तेही थोडं लिहिते. माद्रिदच्या गटाने गोल्डफिशच्या आतड्याचा तुकडा नळीत टांगून त्याचं आकुंचन मोजलं. ॲसिटिलकोलीन या मज्जातंतूंच्या रसायनाने आतडं आवळलं जातं, मेलाटोनिन दिल्यावर ते आवळणं कमी होतं. म्हणजे अन्न पुढे सरकण्याच्या वेगावर त्याचा हात असणार. शिवाय मेलाटोनिन ऑक्सिडीकारक ताण कमी करतं आणि कटल्यावरच्या कामात पाचक एन्झाइमांबरोबर हाही भाग तपासला गेलाय. बाकी पुढच्या वेळी, उद्या लवकर तास आहे.

भीमाकाठचा_मत्स्यपालक

मॅडम, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. मी इंदापूर भागात शेततळ्यात मासे करतो, विज्ञान दहावीपर्यंतच. दोन गोष्टी विचारायच्या आहेत, चालेल ना?

आमच्याकडे एक विक्रेता फिरतोय. म्हणतो, खाद्यात मेलाटोनिनची पावडर मिसळा, मासा शांत राहतो, मरतूक कमी, वजन झपाट्याने वाढतं. किंमत ऐकून मी गप्प बसलो, पण शेजारच्यांनी घेतली. घ्यावी का?

दुसरं म्हणजे आम्ही तळ्यावर रात्री बल्ब लावतो. किडे बल्बवर येतात, पाण्यात पडतात, मासा खातो, खाद्य वाचतं. तुम्ही म्हणता उजेडाने पीनियलचं मेलाटोनिन पडतं. मग बल्बने नुकसान होतं का?

वैनगंगाकाठ

दादा, चालेल काय, असे प्रश्न आले तरच आमच्या लिखाणाचा उपयोग. पावडरीचं आधी सांगते: घेऊ नका.

२००१ मध्ये माद्रिदच्या गटाने गोल्डफिशला मेलाटोनिन दोन प्रकारे टोचलं. पोटाच्या पोकळीत टोचल्यावर मासा कमी खायला लागला. थेट मेंदूत टोचल्यावर खाण्यावर परिणाम दिसला नाही. म्हणजे भूक कमी करण्याचं काम मेंदूबाहेर कुठेतरी होतं, बहुधा पोटातच. २००४ मध्ये स्पेनमध्ये सी बास माशाला तोंडावाटे मेलाटोनिन दिलं, तिथेही खाणं घटलं. हे प्रयोग कटल्यावरचे नाहीत, हे खरं. पण ज्या पदार्थाने दोन वेगवेगळे मासे कमी खायला लागले, तोच पदार्थ वजन वाढवायला म्हणून विकत घ्यायचा? शेजाऱ्यांनाही सांगा. तोच पैसा ताज्या शेंगदाणा पेंडीत आणि भाताच्या कोंड्यात घाला. पेंड बुरशी न लागलेली आहे ना, ते मात्र नाकाने हुंगून आणि हाताने फोडून बघत जा. ढेपेच्या आत करड्या-हिरव्या रेषा दिसल्या की ती ढेप बाजूला काढा. बुरशीचं विष माशाचं यकृत खातं, तो धोका खरा आहे.

हवं ते मेलाटोनिन माशाचं आतडं स्वतःच बनवतं, त्याला फक्त ट्रिप्टोफॅन लागतं आणि ते चांगल्या प्रथिनांतून मिळतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये ट्राउटला ट्रिप्टोफॅन वाढवलेलं खाद्य देऊन आतड्यातल्या मेलाटोनिनवर आणि ताणाच्या प्रतिसादावर काय परिणाम होतो ते तपासलं. खाद्यातून या यंत्रणेला हात घालायचा रस्ता तो आहे, तयार पावडर ओतण्याचा नाही.

बल्बचं उत्तर वेगळं. तुम्ही लावलेला उजेड आतड्यापेक्षा पीनियलला आधी पोचतो, आणि कटला वरच्या थराला राहत असल्यामुळे त्याच्यापर्यंत तो जास्त पोचतो. नॉर्वे आणि स्कॉटलंडच्या सॅमन फार्मवर हिवाळ्यात मुद्दाम पिंजऱ्यांत रात्रभर दिवे लावतात, कारण त्याने माशांचं वयात येणं लांबतं आणि सगळी ताकद वाढीत जाते. म्हणजे रात्रीचा उजेड माशाच्या शरीरात मोठे फेरफार करू शकतो, हे तिथल्या व्यवसायाने पैसे लावून तपासलंय. तुम्ही खाण्यासाठी मासे करता, बीज करत नाही. तेव्हा बल्ब तिन्हीसांजेला दीड-दोन तास लावा, किड्यांची मुख्य धाड तेव्हाच येते, मग बंद करा. रात्रभर नको. कॅलिफोर्नियात २०१५ मध्ये झेब्राफिशमधलं पीनियलचं ए-ए-नॅट २ जनुक निकामी केलं, तर त्या माशांची रात्रीची झोप जवळजवळ निम्म्यावर आली. माशालाही रात्र लागते. आणि जोडीला प्रजननाचे मोठे मासे ठेवले असतील तर त्यांच्या तळ्यावर बल्ब नकोच.

आणखी एक, आजच्या चर्चेवरून सुचलेलं. खाद्य रोज एकाच वेळी टाकत जा. आतड्याची लय घासाच्या वेळेवर बसते, तर ती वेळ रोज इकडेतिकडे कशाला करायची? आपल्याकडे वीज आली की पंप, पंप झाला की खाद्य, असं चालतं. ते तुमच्या हातात नाही हे मी जाणते. पण खाद्याला वीज लागत नाही.

परीक्षानळी

मी पुण्यात जैवरसायन प्रयोगशाळेत आहे, माशांचा अनुभव नाही, पण मेलाटोनिन बरंच मोजलंय. श्रावणीसाठी मोजणीबद्दल लिहितो. मॅडमनी शरीरक्रिया सुंदर सांगितली, पण अशा प्रकल्पांची गाडी बहुतेक वेळा मोजणीत अडकते.

बाजारात मिळणारे एलायझा किट (अँटिबॉडीने रेणू पकडून मोजणारे) माणसाच्या किंवा उंदराच्या रक्तद्रवासाठी बनवलेले असतात. रक्तद्रव तसा साधा नमुना. आतड्याचा लगदा म्हणजे चरबी, श्लेष्मा, पित्त, पाचक एन्झाइम आणि प्रचंड सेरोटोनिन. मेलाटोनिनच्या अगदी आधीची पायरी, एन-ॲसिटिल सेरोटोनिन, दिसायला इतकी सारखी की अँटिबॉडी तिलाही धरू शकते. किटच्या माहितीपत्रकात क्रॉस-रिॲक्टिव्हिटीचा तक्ता असतो, तो आधी बघ. लगदा थेट प्लेटमध्ये घालू नकोस. सेंद्रिय द्रावकात निष्कर्षण कर, वाळव, बफरमध्ये पुन्हा विरघळव.

मग दोन तपासण्या, आणि या टाळता येत नाहीत. एक, तुझा आतड्याचा नमुना दुप्पट, चौपट, आठपट पातळ करत जा आणि ती रेषा प्रमाणित रेषेला समांतर येते का बघ. समांतर नसेल तर किट मेलाटोनिन सोडून दुसरंच काही मोजतंय. दोन, लगद्यात माहीत असलेलं मेलाटोनिन मुद्दाम घाल आणि शेवटी त्यातलं किती परत मिळतं ते मोज. या दोन गोष्टी प्रबंधात असतील तर परीक्षक तुला आदराने वागवेल.

माशांवरच्या काही कामांत रेडिओइम्युनोॲसे, म्हणजे किरणोत्सर्गी खूण लावून केलेली मोजणी वापरलीय, विगोच्या लोकांनी प्रतिदीप्ती शोधकासह एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणारं यंत्र बसवलं. एम.एस्सी.ला रेडिओइम्युनोॲसेची परवानगी मिळवत बसू नकोस, एलायझा घे, पण चार-पाच नमुने कुठेतरी एचपीएलसीवर तपासून घे. आणि मेलाटोनिन उजेडात खराब होतं, तेव्हा तपकिरी नळ्या किंवा ॲल्युमिनियम फॉइल. आकडे ऊतीच्या दर ग्रॅमला लिही.

मॅडमना एक विचारायचं होतं. आतड्याला उजेडाचा काहीच संबंध नाही, असं म्हणायचं आहे का? ते मला जरा टोकाचं वाटलं.

वैनगंगाकाठ

नाही, तसं म्हणायचं नाही, आणि हा प्रश्न महत्त्वाचा आहे. २००० साली व्हिटमोर, फोक्स आणि सॅसोने-कोर्सी यांनी दाखवलं की झेब्राफिशचं हृदय, मूत्रपिंड असे अवयव बाहेर काढून बशीत ठेवले, तरी त्यांच्यातली घड्याळं उजेडाने थेट लावता येतात. आपल्यासारख्या प्राण्यांत असं होत नाही. माशाच्या जवळपास प्रत्येक ऊतीला उजेड कळतो. तेव्हा आतडं उजेडाबाबत आंधळं आहे, असं मी कुठल्याच विद्यार्थ्याला लिहू देणार नाही. विगोच्या २०१६ च्या कामातही ट्राउटच्या आतड्यातल्या मेलाटोनिनवर दिवसाच्या लांबीचा परिणाम तपासलाय. माझं म्हणणं अग्रक्रमाचं आहे. पीनियलमध्ये उजेड मालक आहे. आतड्यात अन्न मालक आहे आणि उजेडही आपला शब्द टाकतो. म्हणूनच श्रावणीने टाकीतला उजेड स्थिर ठेवायला हवा, नाहीतर दोघांचे शब्द एकमेकांत मिसळतील.

तापमानही तितकंच. पीनियलच्या ए-ए-नॅट २ चं काम सर्वांत जोरात चालतं ते तापमान ट्राउटमध्ये साधारण १२ अंश आहे, पाइकमध्ये २०, सी ब्रीममध्ये २७, झेब्राफिशमध्ये ३० अंश. ज्या पाण्यात मासा राहतो त्याला हे एन्झाइम जुळवून घेतं. उन्हाळ्यात सोलापूरच्या शेततळ्याचं पाणी दुपारी किती तापतं ते श्रावणीने रोज मोजावं, टाकीचंही.

एलायझाबद्दलचं सगळं मला मान्य. समांतर रेषेची अट मी माझ्या विद्यार्थ्यांनाही घालते.

श्रावणी_झूलॉजी

खूप खूप आभार, मॅडम, सर आणि काका. मार्गदर्शक मॅडमना हे दाखवलं, त्या म्हणाल्या की आता बोलता येईल. नवा आराखडा असा केलाय.

तळ्यातून एकसारख्या लांबीचे कटले आणून कॉलेजच्या टाक्यांत ठेवायचे. उजेड १२ तास, अंधार १२ तास, टायमर लावून. एका गटाला सकाळी आठला खाद्य, दुसऱ्याला संध्याकाळी आठला, दोघांना तेच खाद्य, तेवढंच. तिसरा गट नमुने घेण्याआधी काही दिवस उपाशी. मग दर ४ तासांनी नमुने. रक्त आणि आतडं दोन्ही. नैतिकता समितीकडे अर्ज करणार आहे, लवंग तेलाने बधिर करूनच मासा घेणार.

दोन अडचणी आहेत. रात्रीचे नमुने कसे घेऊ? दिवा लावला तर रक्तातलं मेलाटोनिन पडेल ना? आणि कटल्याचं आतडं मी कधी उघडलेलं नाही, कुठला भाग घेऊ? पुस्तकातल्या आकृतीत जठर दाखवलंय, पण ती आकृती दुसऱ्याच माशाची आहे.

वैनगंगाकाठ

आराखडा आता बरोबर वाटेवर आहे. सकाळी आणि संध्याकाळी खाणाऱ्या दोन गटांत आतड्याचं शिखर एकमेकांपासून सरकलं आणि रक्तातलं रात्रीचं शिखर दोघांत जागच्या जागी राहिलं, तर पीनियल आणि आतडं वेगळं बोलतात हे तुझ्या स्वतःच्या आकड्यांत दिसेल. तसं नाही आलं तरी जे येईल ते लिही, ओढूनताणून बसवू नकोस.

रात्री अगदी मंद लाल दिवा वापर, टाकीवर थेट नको, बाजूच्या टेबलावर, आणि मासा जाळीत घेतल्यापासून रक्त काढेपर्यंत हात झटपट चालले पाहिजेत. उजेड पडला की पीनियलमधलं ए-ए-नॅट प्रथिन पेशी लगेच मोडून टाकते, त्यामुळे रेंगाळायला वाव नाही. याची रंगीत तालीम दिवसा, खिडक्या झाकून, दोनतीनदा कर. एकाने मासा धरायचा, दुसऱ्याने सुई, तिसऱ्याने नळीवर वेळ लिहायची. उपाशी गटाला आणि खाणाऱ्या गटाला धरण्याची, हाताळण्याची पद्धत अगदी सारखी ठेव, कारण हाताळणीचा ताणही आकड्यांत उतरतो.

कटल्याला जठर नसतंच. मेजर कार्पना ते नसतं. पोट उघडलंस की अन्ननलिकेच्या लगेच मागे आतड्याचा एक फुगीर, जाड भिंतीचा भाग दिसेल, त्याला आतड्याचा कंद म्हणतात. त्यापुढे आतडं बारीक होत वेटोळी घेत जातं आणि यकृताचे पदर त्या वेटोळ्यांत असे शिरलेले असतात की ओढायला गेलीस तर दोन्ही फाटतील. घाई न करता बोथट चिमट्याने यकृत बाजूला सोडव. कंद, मधला भाग आणि शेवटचा भाग असे तीन तुकडे वेगळ्या नळ्यांत ठेव, सगळं एकत्र वाटू नकोस. ट्राउटमध्ये भागाभागांत फरक दिसलाय, तो कटल्यात बघायची संधी सोडू नकोस.

यकृताच्या कुशीत हिरवट पित्ताशयाची पिशवी सापडेल. उपाशी माशात ती टम्म भरलेली असते, कारण ती रिकामी करायला अन्नच आलेलं नसतं. तिला आधी दोऱ्याने बांध, मग काप. फुटली तर हिरवं पित्त सगळ्या आतड्यावर पसरेल आणि तो नमुना गेला. विगोच्या लोकांनी ट्राउटच्या पित्तातही मेलाटोनिन मोजलंय, म्हणून ते पित्त टाकून देऊ नकोस, वेगळ्या नळीत ठेव. तुझ्या प्रबंधात कदाचित त्याचंच प्रकरण सर्वांत वाचनीय होईल.

मासे आणशील तेव्हा इथे कळव. पहिल्या विच्छेदनाला गरज वाटली तर मी व्हिडिओ कॉलवर बसेन.